कढीपत्ता वाढत नाही

गच्चीत, बाल्कनीत किंवा खिडकीच्या ग्रिलमध्ये झाडं लावणाऱ्यांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आता गावोगाव आहेत. ग्रुप कुठलाही असो, आठ-पंधरा दिवसांत एकदा तिथे हा निरोप उमटतोच : ‘नमस्कार मंडळी, मी ग्रुपवर नवीन आहे. माझा कढीपत्ता वाढत नाही. काय करावं?’ सोबत फोटो. फोटोत दोन काटक्या, आठ-दहा पानं आणि मागे वाळत घातलेला टॉवेल. कुंडी फोटोत नसते, कारण विचारणाऱ्याच्या मते दुखणं कढीपत्त्याला झालंय, कुंडीला नाही.

मग उत्तरं सुरू होतात. ‘ताक घाला.’ ‘आंबट ताक घाला.’ ‘तांदळाचं धुवण घाला.’ ‘शेंडा खुडा.’ ‘इतक्यात खुडू नका, लहान आहे.’ मधेच एक उगवता सूर्य आणि ‘शुभ प्रभात’, तोही दुपारी. मग एक जुनेजाणते सभासद येतात. त्यांना आपण नाना म्हणू. नाना लिहितात, ‘हा प्रश्न हजार वेळा झालाय. वर शोधा.’ शेवटी अ‍ॅडमिनताई पिन केलेल्या फाईलकडे बोट दाखवतात. नवा माणूस हात जोडल्याचं चित्र टाकतो आणि गप्प होतो. फाईल तो उघडत नाही. वर शोधायला गेलाच, तर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या राशीत हरवून परत येतो.

मला या सगळ्या प्रकाराची गंमत वाटते. ग्रुपवर राहून माझी बाग सुधारली असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण माणसं पुष्कळ कळली.

एक तर या ग्रुपवाल्यांना भिंतीवर कालनिर्णय लावायची गरज पडू नये. प्रश्नावरून महिना सांगता येतो. ‘मोगऱ्याला फुलं का येत नाहीत’ आलं की मार्च समजावा. त्याचं उत्तर खरं म्हणजे जानेवारीत द्यायला हवं असतं, कारण मोगऱ्याची छाटणी थंडी सरता सरता करायची असते. पण जानेवारीत मोगरा कुणाच्या ध्यानीमनीही नसतो. एप्रिल संपत आला की ‘आम्ही गावाला चाललोय, झाडांना पाणी कोण घालणार?’ हा प्रश्न बागेचा कमी आणि शेजाऱ्यांशी असलेल्या संबंधांचा जास्त. जुलैत ‘तुळस काळी पडली’. गणपतीच्या तोंडावर ‘जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात’, आणि त्यात ही हळहळ की घरी झाड असून बाप्पाला फूल विकतचं. दिवाळीनंतर त्याच जास्वंदीवर पांढरं, चिकट, कापसासारखं काहीतरी. हे पिठ्या ढेकूण. त्यांच्या मागे मुंग्यांची रांग असते आणि नवे लोक मुंग्यांनाच गुन्हेगार ठरवून मोकळे होतात. मुंग्या बिचाऱ्या त्या ढेकणांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोडासाठी आलेल्या असतात. मग डिसेंबर-जानेवारीत पुन्हा आपला कढीपत्ता. तो या दिवसांत वाढत नाही, कारण थंडीत तो वाढतच नाही. त्याला ताक नको, फेब्रुवारी हवा असतो.

तुळशीपाशी थोडं थांबायला हवं. हा प्रश्न वरवर बागेचा असतो. चार माणसांच्या घरात सकाळी चौघंही तांब्याभर पाणी घालतात. जुलैत वरून पाऊसही आपली सेवा करून जातो. वृंदावनातून पाणी निघून जायला वाट नसली की मुळं कुजतात आणि तुळस काळी पडते. आता ‘भक्ती कमी करा’ असं कुणाला कसं सांगणार? साताऱ्याच्या एका काकूंनी यावर तोड काढली आहे. त्या लिहितात, ‘नमस्कार चौघांनी करावा, पाणी एकानेच घालावं.’ पण काकूंची खरी हुशारी पुढे दिसते. तुळस वाळली की विचारणारीच्या मनात पाण्याचा हिशोब नसतोच. घरावर काही येणार तर नाही ना, ही धास्ती असते, आणि ती कुणी लिहीत नाही. काकू ती आधी ओळखतात. सांगतात की तुळशीचं आयुष्यच दोन-तीन वर्षांचं, त्यात अशुभ काही नाही. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर ती जास्त टिकते, आणि वाळलेल्या मंजिऱ्या बाजूच्या कुंडीत चुरडून टाकल्या की पावसाळ्यात हवी तेवढी रोपं उगवतात. हे उत्तर काकूंनी आजवर किती वेळा लिहिलं असेल, त्यांनाच ठाऊक. दर वेळी नव्यानं लिहितात, जुनं उचलून डकवत नाहीत. हे मी खात्रीनं सांगू शकतो, कारण दर वेळी शुद्धलेखनाच्या चुका वेगळ्या असतात.

डकवणाऱ्यांची जात निराळी. ‘खत कोणतं घालू?’ असं कुणी विचारायचा अवकाश, जीवामृताची कृती येऊन आदळते : १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, मूठभर माती आणि २०० लिटर पाणी. कृती बरोबर आहे. सुभाष पाळेकरांमुळे ती महाराष्ट्रभर पोचली आणि ती आहे एका एकराला. विचारणाऱ्याकडे असतात तीन कुंड्या आणि एक मग. एका नव्या मुलानं भाबडेपणानं विचारलं होतं, ‘उरलेलं फ्रीजमध्ये ठेवलं तर चालेल का?’ त्यावर ग्रुप दिवसभर हसला. माझ्या मते हसायचंच होतं तर उत्तर देणाऱ्याला हसायला हवं होतं. मुलानं निदान हिशोब तरी केला होता.

आणखी एक काका आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. कुठल्याही प्रश्नाला त्यांचं एकच उत्तर, आणि तेही उलट प्रश्न विचारून : ‘कुंडीला भोक आहे का?’ गुलाब वाळला, मिरचीची पानं वळली, मनी प्लांट पिवळा पडला, भोक आहे का? नवे लोक चिडतात. कुंडीला भोक असणारच ना! पण प्लास्टिकच्या कितीतरी कुंड्यांना तळाशी भोकांच्या नुसत्या खुणा असतात. ती आपण पाडून घ्यायची असतात आणि हे दुकानदार सांगत नाही. दिवाणखान्यात ठेवायच्या शोभेच्या कुंड्यांना बहुधा नसतंच. जुन्या मातीच्या कुंडीचं भोक मुळांनी बुजलेलं असतं. त्यामुळे चिडलेला माणूस कुंडी उचलून बघतो आणि थोड्या वेळानं ग्रुपवर नरमाईनं लिहितो, ‘काका, नव्हतं.’ काका त्यावर अंगठासुद्धा टाकत नाहीत. कर्ज मंजूर करतानाही ते असेच वागत असतील.

आता नाना. नानांवर राग धरण्यात अर्थ नाही. त्यांच्या गच्चीवर अंजीर पिकतं, ड्रॅगन फ्रूट येतं, दुधी इतका येतो की सोसायटीतले लोक त्यांना जिन्यात टाळतात. कधीकाळी तेही प्रत्येकाला सविस्तर उत्तर द्यायचे. रात्री अकराला कुणी पानाचा फोटो टाकला तरी चष्मा शोधून, फोटो मोठा करून, पानामागचा लाल कोळी दाखवून द्यायचे. मग कंटाळले. कंटाळा हे काही पाप नव्हे. आणि त्या कंटाळ्यातून त्यांनी ती फाईल तयार केली, की पुन्हा कुणाला विचारावंच लागू नये.

फाईल चांगली आहे. मी वाचली आहे. नानांनी वाचली आहे, सातारच्या काकूंनी वाचली आहे, भोकवाल्या काकांनी वाचून तिच्यात भोकाचा उल्लेख उशिरा येतो अशी तक्रार केली आहे. म्हणजे ज्यांना तिची गरज नाही अशा सगळ्यांनी ती वाचली आहे. नवख्यानं ती उघडली तर काय दिसतं? ‘पानं पिवळी पडणे’ या मथळ्याखाली अर्धा डझन कारणं : पाणी जास्त, पाणी कमी, नत्र कमी, लोह कमी, ऊन नाही, कीड आहे. लोह कमी पडलं तर कोवळं पान पिवळं होतं आणि त्याच्या शिरा हिरव्या राहतात. नत्र कमी पडलं तर खालची जून पानं आधी पिवळी होतात. हे वाक्य वाचून ज्याला बोध होतो तो नवखा उरलेलाच नसतो. पान हातात धरल्यावर ते कोवळं की जून हे बघायचं असतं, हेच नवख्याला माहीत नसतं. उत्तर शोधायला निम्मं उत्तर आधीच खिशात असावं लागतं. त्याच्या खिशात फक्त फोन असतो.

‘वर शोधा’ची तीच कथा. शोधायचं तर कशानं? नागपूरकडची ताई त्याला गोडलिंब म्हणते, कोकणातले वहिनी-भावोजी कढीलिंब म्हणतात, आणि इंग्रजी कीबोर्डवरून मराठी लिहिणारी मंडळी काय म्हणतात ते फोनलाही कळत नाही.

पण माझा खरा आक्षेप दुसराच आहे. हा प्रश्न हजार वेळा आलेला आहे, हेच मला मान्य नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा कुंडीतली मुळं उकडून निघतात आणि कढीपत्ता मान टाकतो. रत्नागिरीत जुलैत तेच रोप पाण्यात उभं असतं. पुण्यात डिसेंबरात ते झोपलेलं असतं. ठाण्यात, चोविसाव्या मजल्यावर, उत्तरेच्या बाल्कनीत त्याला ऊनच मिळत नाही, आणि कुठल्याही ताकात ऊन नसतं. नर्सरीतून आणलेलं रोप अनेकदा लाल मातीच्या घट्ट गोळ्यासकट कुंडीत बसवलेलं असतं; तो गोळा विटेसारखा कडक होतो, घातलेलं पाणी त्याच्या बाजूनं निघून जातं आणि मुळं आत तहानलेली राहतात. न्यू जर्सीतल्या मराठी घरात तर ते सहा महिने दिवाणखान्यात, हीटरच्या कोरड्या हवेत काढतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया-फ्लोरिडासारख्या राज्यांत कढीपत्त्याचं रोप इकडून तिकडे न्यायलाही बंधनं आहेत, कारण तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला आणि त्या बागांचा जीवघेणा रोग पसरवणारा तुडतुड्यासारखा बारीक कीटक त्याच्यावर राहतो. आपण भाजीवाल्याकडे फुकट मागतो ती काडी तिथे सरकारी निगराणीखाली आहे. ही सगळी माणसं लिहितात मात्र एकच ओळ : कढीपत्ता वाढत नाही. हजार वेळा आलेला असतो तो आपला ‘ताक घाला’. ताकाच्या आंबटपणानं मातीतलं लोह झाडाला घ्यायला सोपं जातं, असं सांगतात, आणि जिथे दुखणं लोहाचंच असेल तिथे ते लागूही पडत असेल. उत्तरेच्या बाल्कनीत मात्र मुंग्या तेवढ्या येतात.

एका प्रश्नाला मात्र नानाही ‘वर शोधा’ म्हणत नाहीत. तोही दर वर्षी येतो, बहुधा पावसाळ्यात : ‘कढीपत्त्यावर पक्ष्याची शीट पडली आहे आणि ती चालते आहे.’ ग्रुप खडबडून जागा होतो. ती कॉमन मॉरमॉन किंवा लिंबावरच्या फुलपाखराची अळी. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणजे पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. मोठी झाली की हिरवीगार होते आणि तुमचा कढीपत्ता दोन दिवसांत काड्यांवर आणते. मग दोन तट पडतात. ‘चिमट्यानं उचला आणि टाका’ आणि ‘राहू द्या, फुलपाखरू होईल’. कुणीतरी आठवण करून देतं की हिचं चुलत भावंड ब्ल्यू मॉरमॉन हे २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्यफुलपाखरू आहे, तेव्हा जरा मान ठेवा. आमटीत फोडणीला काय घालू, असं तिसरा गट विचारतो. दर वर्षी तेच वाद, तीच माणसं, आणि नाना सगळ्यात पुढे. मग ‘झालेल्या प्रश्नाचा’ कंटाळा कुठे जातो? मला वाटतं, नाना प्रश्नाला कंटाळलेले नाहीत, कढीपत्त्याच्या उत्तरात त्यांना काही करायला उरलेलं नाही एवढंच. अळी आली की ते पुन्हा कामाचे होतात.

नव्यांचा लोंढा ही तक्रारही जुनीच. पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन झालं की आठवडाभरात ग्रुप फुगतो. माणसं पेटुनियाच्या भरगच्च कुंड्या घेऊन घरी येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर ‘फुलं का गेली’ विचारतात. जुने सभासद त्यांना महिनाभर सांभाळून घेतात; काही शिकतात, काही गळतात, ग्रुप पुन्हा शांत होतो. मग २०२० चा मार्च आला. सगळे घरात, भाजी आणायची धास्ती, आणि अख्ख्या महाराष्ट्रानं एकदम मेथीदाणे पेरले. तेव्हा ग्रुपमध्ये २५६ माणसांचीच सोय होती. एकाचे दोन, दोनाचे तीन ग्रुप झाले, आणि आता तर एकाच ग्रुपात १०२४ मावतात. अमेरिकेत इंटरनेटच्या बाल्यावस्थेत यूजनेट नावाच्या चर्चामंचावर असंच झालं होतं. दर सप्टेंबरात विद्यापीठात नवी मुलं यायची, वेडेवाकडे प्रश्न विचारायची, महिन्याभरात वळणावर यायची. १९९३-९४ च्या सुमारास घरगुती ग्राहकांनाही दार उघडलं आणि नवखे बारा महिने येऊ लागले. जुन्यांनी त्या काळाचं नाव ठेवलं ‘न संपणारा सप्टेंबर’. नाव झकास आहे, पण ठेवणारे सगळे कुठल्या ना कुठल्या सप्टेंबरातच आलेले होते.

यावर आमच्याकडे श्री. अ. दाभोळकरांनी फार आधी एक वाट काढून ठेवली आहे. मूळचे ते गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला तो या विश्वासावर की शेतकऱ्यानं स्वतः प्रयोग करावा आणि आपल्याला काय दिसलं ते दुसऱ्या शेतकऱ्याला सांगावं. सांगली-तासगावच्या द्राक्षबागायतदारांना त्याचा मोठा उपयोग झाला. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक आजही बागवाले एकमेकांना सुचवतात, आणि घरचा ओला कचरा, रसवंतीतली उसाची चिपाडं वापरून गच्चीत भाजी पिकवायच्या शहरी वेडालाही त्यांचाच हातभार आहे. त्यात एका बाजूला तज्ज्ञ आणि दुसऱ्या बाजूला अडाणी अशी बैठक नव्हती.

ग्रुपवर हे मी रोज खरं होताना बघतो. नवख्याला सगळ्यात चांगलं उत्तर नाना देत नाहीत, काकूही नाहीत. ते देतो सहा महिन्यांपूर्वी हाच प्रश्न विचारून गेलेला माणूस. त्याचा कढीपत्ता नुकताच फुटलेला असतो आणि त्याला कधी एकदा कुणाला सांगतो असं झालेलं असतं. तो लांबलचक लिहितो, आधीचा आणि आताचा फोटो टाकतो, ‘मलाही असंच वाटलं होतं’ म्हणतो. मुख्य म्हणजे आपल्याला काय कळत नव्हतं, हे त्याला अजून आठवत असतं. नाना ते कधीच विसरले. मातीचा गोळा हलक्या हातानं फोडायचा, हे नाना एका ओळीत सांगतात. हा सांगतो की गोळा रात्रभर बादलीत भिजवावा लागला, बाथरूम लाल झालं आणि घरात दोन दिवस बोलणं बंद होतं. तो चुकतोही, पण चूक दुरुस्त करायला नाना टपलेले असतातच. म्हणून अ‍ॅडमिनताईंना माझं सांगणं आहे की फाईल पिन केलेली असू द्या, पण नवा प्रश्न आला की जुन्यांनी तासभर हात आवरावा. कालच्या नव्याला आधी बोलू द्यावं.

नवीन मंडळींनाही एक विनंती. विचारा. ‘आधी कुणी विचारलं असेल तर माफ करा’ असं लिहू नका, विचारलेलं आहेच. फक्त गाव सांगा, ऊन किती तास येतं ते सांगा, रोप कधी आणलं आणि त्याची माती कोणती ते सांगा. फोटो नुसत्या पानाचा नको, कुंडीसकट पूर्ण काढा, टॉवेल आला तरी चालेल. आणि पाठवण्याआधी कुंडी एकदा उचलून खाली बघा, कारण काका विचारणार आहेत.